पैकीच्या पैकी शेजारी

माणसाने जन्म कुठे घ्यावा याबद्दल त्याचं मत कोणी विचारत नाही. तेव्हा पुढे राहायला कुठे जावं हे तरी त्याने पुरती चौकशी करून ठरवावं, यावर सर्व सुज्ञांचं एकमत आहे. मतभेद आहे तो चौकशी कधी थांबवावी यावर. आमच्या दाजींच्या मते ती थांबवायची नसते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतात. जळालेलं दुकान खरोखरच जळालं आहे हे पटायला त्यांना बराच काळ लागतो (समोर राख असली तरी. राख कुठूनही आणता येते). ताई काचेच्या कारखान्यात तपासनीस आहे. बाटली उजेडात एकदा फिरवली की केसाएवढा तडा तिला दिसतो. एवढी दोन चौकस माणसं एकाच घरात असणं हे राष्ट्राच्या दृष्टीने चांगलंच असावं.

ताईच्या कंपनीने दूरच्या प्रांतात नवा कारखाना काढला आणि तिथला सगळा तपासणी विभाग तिच्या हाती द्यायचं ठरवलं. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. न झाल्यास ती जागा तिच्या हाताखालच्या, आणि अजून फुटकी बाटली खपवून घेणाऱ्या, एका गृहस्थाला मिळणार होती. त्या दिवशी ताई चपला न काढताच स्वयंपाकघरात आली आणि नुसती हसत उभी राहिली. तिला इतकं खूश मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दाजींनाही आनंद झाला. त्यांच्या कंपनीची शाखा तिथेही होती. ते म्हणाले, "छान झालं. आता तो प्रदेश आपल्या लायकीचा आहे का ते बघू."

त्याच संध्याकाळी 'सहकुटुंब स्थलांतर पूर्वाभ्यास समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष दाजी, चिटणीस मी (मी त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती), सभासद ताई, दाजींच्या आई आणि भाची. भाची दुसरीत असल्यामुळे तिला मत होतं, पण मताधिकार नव्हता. पहिल्याच बैठकीत आई म्हणाल्या, "अरे, पाणी-बिणी बघ हवं तर. पण शेजार कसा आहे ते आधी विचार." भाचीने विचारलं, "तिथे माझ्याशी कोण खेळणार?" आईंचा मुद्दा मोजता येण्याजोगा असल्याने स्वीकारण्यात आला. भाचीचा विषयाला धरून नसल्याने फेटाळण्यात आला.

पाण्यापासून सुरुवात झाली. दाजींनी तिथलं बाटलीभर पाणी कुरिअरने मागवलं आणि पातेल्यात आटवलं. तळाशी पांढरा थर राहिला. समितीत चिंतेचं वातावरण पसरलं. खातरजमा म्हणून घरच्या नळाचं पाणी आटवलं, तर त्याचा थर दुप्पट निघाला. 'पाणी आटवू नये' असा निष्कर्ष एकमताने संमत झाला.

मग लोकमत. दाजींनी तिथल्या चावीवाल्याला, न्हाव्याला, पंक्चरवाल्याला आणि अशा अनेक जाणकारांना फोन लावून एकच प्रश्न विचारला, "तुमच्या भागात राहायला कसं वाटतं?" एकतृतीयांश लोक म्हणाले, "बरं वाटतं." एकतृतीयांश म्हणाले, "कोण बोलतंय?" उरलेल्यांनी दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे ते सांगितलं. यावरून तिथले लोक समाधानी, सावध आणि उद्योगी असल्याचं सिद्ध झालं. एवढं तर जनगणनेतूनही कळत नाही.

पण दाजींचं खरं कर्तृत्व म्हणजे त्यांचं शेजारमापन. प्रत्येक शेजाऱ्याला आधी शंभर गुण द्यायचे आणि मग कापत जायचं. भिंतीतून आवाज आला, दहा कमी. फोडणीचा ठसका आला, दहा कमी. काही उसनं मागितलं, वीस कमी. 'कसं काय, बरं आहे ना?' म्हणत दारात उभा राहिला, तीस कमी. आणि आत येऊन बसला, तर उत्तरपत्रिकाच रद्द. ज्याचं अस्तित्व कोणत्याही इंद्रियाला जाणवत नाही तो शंभर नंबरी शेजारी. (देवाची व्याख्याही साधारण अशीच करतात. पण देव देखभाल खर्च भरत नाही.)

याच सुमारास एक किरकोळ घटना घडली. खालच्या पहारेकऱ्याकडून नंबर घेऊन एका बाईंनी दाजींना फोन केला. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाबद्दल त्यांना विचारायचं होतं. शेजारी म्हणून माणसं कशी आहेत? जगात आणखी कोणीतरी चौकशी करतं या जाणिवेने दाजी गहिवरले. "बाई, अकरा वर्षं समोरासमोर राहतोय," ते म्हणाले, "आवाज नाही, वास नाही, कधी चमचाभर साखर मागितली नाही. शंभरपैकी शंभर!" बाई म्हणाल्या, "अरे वा, बराच जिव्हाळा दिसतोय." दाजींनी नम्रपणे ते मान्य केलं.

नंतर दाजी आणि मी प्रत्यक्ष पाहणीला गेलो. दाजींनी जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजली (आईंच्या गुडघ्यांसाठी), भिंतींना कान लावला, लिफ्टमध्ये उभं राहून श्वास घेतला. एक घर सर्व कसोट्यांना उतरलं. कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता, शाळा गल्लीच्या टोकाला. समोर राहणाऱ्या बाई त्या इमारतीच्या सेक्रेटरी होत्या. बेल वाजवायच्या आधीच त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, चहा दिला, मुलं किती, आई कुठल्या खोलीत झोपणार, सगळं विचारलं. दाजी मनात गुण कापत होते. दुसऱ्या कपाला बाई शून्याखाली गेल्या.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "जागा देण्याआधी आम्ही माणसाच्या सध्याच्या शेजाऱ्यांना विचारतो. पैसे काय, सगळेच भरतात. या जागेला अजून एक कुटुंब आहे. त्यांचा शेजारी तर त्यांच्यावर अगदी फिदा आहे."

"असा शेजारी मिळायला भाग्य लागतं," दाजी म्हणाले.

"तुमच्या समोर कोण राहतं?"

"फार चांगली माणसं आहेत."

"काय करतात?"

दाजींनी बराच विचार केला. "त्यांचं दार निळं आहे," ते म्हणाले.

बाईंचा निकाल आठवड्याभरात फोनवर आला. वरच्या मजल्यावरचे म्हणाले होते, "त्या घराचा काही त्रास नाही. माणसं राहतात का तिथे?" पहारेकऱ्याला दाजी सरकारी मोजणी खात्यातले वाटत होते. आणि समोरच्या निळ्या दाराने सांगितलं होतं, "समोर? ती जागा बंदच असते ना?" सबब जागा दुसऱ्या कुटुंबाला देण्यात येत होती. "मघापासून आवाज ओळखीचा वाटतोय," बाई फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "पण आठवत नाही."

दाजी तडक समोर गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती बेल वाजवली. दार उघडलं ते दाजींच्याच वयाच्या एका गृहस्थाने. मागे खोकी बांधून ठेवलेली होती आणि त्यांवर भाचीएवढी एक मुलगी पाय हलवत बसली होती.

"आपण?" गृहस्थ म्हणाले.

"मी समोरचा."

"अस्सं! तिथे राहतं होय कोणी? या ना. पण आता काय, आम्ही परवा निघालोच. दीड वर्ष अभ्यास करत होतो. पाणीसुद्धा आटवून पाहिलं. शेवटी एक इमारत मिळाली बघा, काय शेजार आहे! आणि इथल्या कुणा भल्या माणसाने आमच्याबद्दल इतकं छान सांगितलं म्हणे. कोण ते कळलं असतं तर पाया पडलो असतो."

दाजींनी स्वतःचे पाय किंचित मागे घेतले. घरी येऊन त्यांनी समितीला अहवाल दिला. दोन स्वतंत्र अभ्यास कुठल्याही संगनमताशिवाय एकाच निष्कर्षाला पोचले, हा शास्त्राचा मोठा विजय आहे, असं ते म्हणाले. माझी बोटं चिटणीसगिरीने अधू झाली होती, तरी मी ते लिहून घेतलं. भाची मात्र दाराशी उभी राहून निळ्या दाराकडे बघत होती. "ती मुलगी दुसरीत आहे," ती म्हणाली. "मी विचारलं. आणि ती आता चालली." मला फार वाईट वाटलं.

ताई उठली. तिने माळ्यावरून बॅग काढली. "अहो," ती दाजींना म्हणाली, "तुमचा तडा मला दिसला. तुम्ही सावकाश या." आणि आईंना, भाचीला घेऊन ती मुदतीच्या आदल्या दिवशी निघाली. तिथे बसथांब्यावर शेजारी बसलेल्या बाईला तिने विचारलं, "इथे कुठे खोली मिळेल का हो?" त्या बाईचा दीर शिंपी होता, त्याच्या दुकानावर खोली होती. ताई वेळेवर हजर झाली. आई रोज शिंप्याच्या बायकोकडे जाऊन बसतात. या पद्धतीला कोणताही शास्त्रीय आधार नाही, हे दाजींनी फोनवर तिला स्पष्ट कळवलं आहे.

खोली लहान आहे, त्यामुळे मोठ्या जागेचा शोध दाजींनी चालूच ठेवला आहे. काल एक इमारत त्यांच्या मनात भरली. तिथल्या एका घराबद्दल त्यांनी समोरच्यांना फोन केला, आणि उत्तर ऐकून त्यांचे डोळे पाणावले. आवाज नाही, वास नाही, कधी मागणं नाही, जिन्यात भेटले तरी मान खाली. पैकीच्या पैकी. वाचकहो, ते घर तुमचं होतं. अभिनंदन. फक्त समोरच्यांनी एक शंका विचारली, ती मी इथे नोंदवून ठेवतो: तिथे अजून कोणी राहतं का?