मास्तरांचा झोपलेला ओठ

"दाढ काढणं म्हणजे काय मोठं? सैल झालेलं बटण ओढायचं आणि मोकळं व्हायचं! दुपारी काढतो आणि संध्याकाळी वकीलसाहेबांचा कोट बेततो!"

असं अख्ख्या दुकानाला ऐकवून मास्तर दातांच्या डॉक्टरांकडे निघाले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कोट शिवणारे. आणि अख्खं दुकान म्हणजे तरी कोण? काजं-बटणं आणि हातशिलाई बघणारी बायको, आणि मशीनवर बसून संधीची वाट बघणारा बायकोचा धाकटा भाऊ.

बोललेलं खरं करून दाखवायची मास्तरांना भारी हौस. संध्याकाळी दातांखाली कापसाचा बोळा धरून त्यांनी खरोखरच कोट बेतला. फक्त उजवीकडचा अर्धा खालचा ओठ आणि त्याखालची हनुवटी आपली वाटत नव्हती. इंजेक्शनचा अंमल आहे, झोपेपर्यंत उतरेल, असं त्यांनी जाहीर केलं. झोपेपर्यंत उतरला नाही. सकाळीही नाही. सूज गेली, जखम भरली, टाके निघाले, मास्तर पुन्हा कडक पापड खाऊ लागले, पण ओठ काही उठेना!

शेवटी बायकोने त्यांना पुन्हा डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "खालच्या जबड्यात अक्कलदाढेच्या मुळाला अगदी खेटून एक नस जाते. ओठाला काय लागलं, हनुवटीला काय लागलं, ही खबर तीच वर पोचवते. दाढ काढताना ती दुखावली गेली आहे. असं होऊ शकतं, हे मी आधी समजावलं होतं."

समजावलं होतं, हे खरं. पण त्या वेळी मास्तरांचं सगळं लक्ष डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीकडे होतं. इतकी वाईट बसवलेली बाही त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. माणसाला खबर ऐकायची असेल तर समोरच्याने निदान बरा कोट घालावा!

"मग कधी उठेल?" मास्तरांनी विचारलं.

"काहींची महिनाभरात उठते, काहींची वर्षभरात. जागी व्हायला लागली की आधी मुंग्या येतात. क्वचित थोडी बधिरता कायमची राहते."

"माझी आठवड्यात उठेल."

"ते तुम्ही ठरवत नाही, मास्तर."

"मग कोण ठरवतं? ओठ माझा आहे!"

डॉक्टरांनी मास्तरांशी बोलणं सोडलं आणि बायकोला सांगितलं, की गरम किंवा टोकदार काही ओठाला लावू देऊ नका. लागलं तर यांना कळणार नाही, आणि रक्त आलं तरी हे हसत बसतील.

टोकदार! इथेच सगळी पंचाईत झाली. कारण मास्तरांचा उभा धंदा टोकदार होता. गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहिलं, की मास्तर चिमूटभर टाचण्या ओठांत धरायचे, दोन्ही हात मोकळे ठेवायचे, आणि इकडे एक टोच, तिकडे एक टोच करत अंगावरच कोट बसवायचे. त्यांचे वडील तसंच करायचे. लोक कोट शिवायला येतात की मास्तरांच्या तोंडातून टाचण्या निघताना बघायला येतात, असा प्रश्न पडावा, इतकी ती बघण्यासारखी गोष्ट होती.

"भाऊजी, मी तुमच्यासाठी हे आणलंय," मेहुण्याने गोड आवाजात सांगितलं आणि मनगटाला बांधायची, टाचण्या खोचायची छोटी उशी पुढे केली.

"मनगटाला उशी बांधून फिरायला मी काय आजारी आहे? तूच बांध आणि तिच्यावर डोकं ठेवून झोप!"

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. चहा प्याला की मास्तरांच्या हनुवटीवर एक थेंब लोंबायचा आणि मास्तर त्या थेंबासकट राजकारणावर बोलायचे. बिस्किटाचा चुरा दुपारपर्यंत मुक्कामाला असायचा. बायकोने खूण ठरवली. तिने स्वतःची हनुवटी चोळली की मास्तरांनी पुसायची. ते गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं आणि बायकोने हनुवटी चोळली की दुकानात असतील तेवढे सगळे घाईघाईने आपापल्या हनुवट्या चोळू लागले! पुसायचे राहायचे ते फक्त मास्तर.

वकीलसाहेबांच्या कोटाची शेवटची फिटिंग आली आणि बायकोने कंबर कसली. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्या कोर्टात उभे राहणार होते. कोट बिघडून चालणार नव्हता.

"अहो, मी तुमचा ओठ तपासणार," ती म्हणाली. "डोळे मिटायचे. सुईचं मागचं टोक लावलं की 'टोचलं' म्हणायचं, दोरा फिरवला की 'मऊ'. सगळं बरोबर आलं तर टाचण्या तुमच्या. एक जरी चुकलं तर फिटिंग हा माझा भाऊ करेल, आणि तुम्ही गल्ल्यावर बसायचं. आजच्यापुरतं नाही, कायमचं."

मेहुण्याने मान खाली घालून हसू लपवलं. मास्तरांना मात्र एकच शब्द ऐकू आला. गल्ल्यावर! म्हणजे मापं दुसऱ्याने घ्यायची, कोट दुसऱ्याने बसवायचा, आणि आपण या-बसा करायचं! कोट अंगावर बसवणं सोडलं तर मास्तरांना जगात दुसरं काही धड येत नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 

"तपास!" ते गरजले आणि सरळ फिटिंगच्या आरशासमोर जाऊन बसले.

आता तुम्हाला वाटेल, बायकोच्या हे लक्षात कसं आलं नाही? पण ती मास्तरांकडे बघत होती आणि आरसा तिच्या पाठीमागे होता. मास्तरांनी डावा डोळा घट्ट मिटला आणि उजवा मिटल्यासारखा केला.

"टोचलं," मास्तर म्हणाले. बरोबर!

"मऊ." बरोबर!

"टोचलं. मऊ. मऊ. टोचलं!"

"थांबा," बायको म्हणाली. "हे शेवटचं मी अजून लावलंच नव्हतं."

"म्हणजे टोचणार हे आधीच कळलं! इतका तल्लख झालाय आता ओठ!"

बायकोने पुन्हा सुई उचलली. पण तेवढ्यात वकीलसाहेब दारात उभे राहिले आणि तपासणी तिथेच संपली. मास्तरांनी विजयी मुद्रेने टाचण्यांची डबी उघडली.

वकीलसाहेब अंगाने भरगच्च. फिटिंगला उभे राहिले की पोट आत घेऊन श्वास रोखायचे, आणि कोट घरी गेला की आवळतो म्हणून तक्रार करायचे. मास्तर त्यांना श्वास सोडेपर्यंत बोलतं ठेवायचे. तोंडातून टाचण्या झरझर येऊ लागल्या. पाठ झाली. बगल झाली. मास्तरांचे हात असे चालत होते, की मेहुणासुद्धा मशीन थांबवून बघत राहिला. टाचण्या संपल्या, निदान मास्तरांना तसं वाटलं. कॉलरच्या मागे कच्च्या टाक्याचा एक दोरा लोंबत होता. तो दातांनी तोडायला मास्तर वाकले, त्यांनी वकीलसाहेबांच्या मानेत तोंड खुपसलं, दोरा कट्कन तोडला आणि सरळ व्हायला गेले.

सरळ होता येईना!

उजवीकडच्या झोपलेल्या ओठात टाचणी शिल्लक होती. ती ओठातून आरपार जाऊन कॉलरच्या जाड कापडात शिरली होती. थोडक्यात, मास्तरांनी स्वतःला वकीलसाहेबांना जोडून घेतलं होतं, आणि ही खबर वर पोचवणारं कोणी नव्हतं.

"मास्तर, कानात काही सांगायचंय का?" वकीलसाहेबांनी हळूच विचारलं.

"नाही साहेब. चष्म्याची दोरी अडकलेली दिसते. हलू नका."

वकीलसाहेब बघायला म्हणून उजवीकडे वळले. मास्तर त्यांच्यामागून उजवीकडे गेले. ते डावीकडे वळले, मास्तर डावीकडे! तेवढ्यात टेबलावर वकीलसाहेबांचा फोन वाजला आणि ते तरातरा तिकडे निघाले. मास्तरही खांद्यावर हनुवटी ठेवून, लहान लहान पावलं टाकत त्यांच्यामागे. फोनवर पक्षकार होता. "नाही, मी एकटाच आहे, बोला मोकळेपणाने," असं वकीलसाहेब म्हणाले आणि आरशात मास्तरांचे डोळे बघून त्यांनी फोन बंद केला.

बायको चहा घेऊन आत आली आणि जागच्या जागी थबकली.

"अहो! हे काय चाललंय?"

"काही नाही. खांदा जवळून बघतोय."

"किती जवळून?"

मेहुणा उठून पुढे आला, खाली वाकला, आणि त्याला टाचणी दिसली. मग टाचणीवरून निघालेला रक्ताचा थेंब दिसला. "ताई," एवढंच म्हणून तो कटिंगच्या टेबलावर आडवा झाला. आयुष्यभर सुईदोऱ्यात वावरलेला माणूस! पण रक्त त्याने कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

बायकोने चहा खाली ठेवला. एका हाताने कॉलर धरली, दुसऱ्या हाताने मास्तरांची हनुवटी, आणि एक झटका दिला. दोघे मोकळे झाले.

"मास्तर!" वकीलसाहेबांनी मान चोळत वळून पाहिलं. "टाचणी ओठातून आरपार गेली आणि तुम्हाला कळलं नाही? अहो, ही तर नुकसानभरपाईची केस आहे! डॉक्टरांवर दावा ठोकू!"

"दावा कशाचा? माझा ओठ ठणठणीत आहे!"

"म्हणजे टाचणी शिरलेली कळली?"

"कळली तर!"

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून."

वकीलसाहेबांच्या डोळ्यांत चमक आली. मोठं कोर्ट उद्या होतं, सराव आज मिळत होता. ते सावकाश चालत मास्तर आणि आरसा यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. एवढ्या अंगापुढे आरसा दिसेनासा झाला.

"नीट आठवून सांगा. आत्ता, या क्षणी, तुमच्या ओठात टाचणी आहे की नाही?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोच्या बोटांत टाचणी दिसत होती. म्हणजे काढली होती. इतका सोपा प्रश्न!

"नाही!" ते ठासून म्हणाले.

"दुसरी आहे," बायको हळू आवाजात म्हणाली आणि ती पण काढली.

मास्तरांनी रुमाल ओठावर दाबला. रुमाल ओठाला लागला की नाही, हेही त्यांना रुमालावर डाग बघूनच कळलं. त्यांनी रुमाल खाली घेतला.

"नाही कळत मला," ते म्हणाले. "काही म्हणजे काही कळत नाही. तू गालाला हात लावतेस आणि तो हनुवटीवर आला की हरवतो. बास? पण मी गल्ल्यावर बसणार नाही! ओठ झोपलाय, मी झोपलेलो नाही! माझ्या हातांना सगळं कळतंय!"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. टेबलावर आडव्या पडलेल्या भावाकडे पाहिलं. मग डबीतल्या चिमूटभर टाचण्या उचलल्या आणि चक्क स्वतःच्या ओठांत धरल्या. एक काढून मास्तरांपुढे धरली.

मास्तरांचा चेहरा असा खुलला, की ओठावरचं रक्तही कोणाच्या लक्षात आलं नाही. "अस्सं! हात माझे, तोंड तुझं! साहेब, उभे राहा!" आणि मनात ते म्हणाले, की काय सोय झाली! कोटाची फिटिंग होणार, आणि ती होईपर्यंत बायको एक अक्षर बोलू शकणार नाही! संसारात एवढा फायदा त्यांना कधीच झाला नव्हता.

डावा खांदा झाला. उजव्या खांद्यासाठी मास्तरांनी न बघता हात मागे केला. हातात टाचणी आली नाही.

"अगं, टाचणी."

बायकोने मान हलवली. डोळ्यांनी बाहीकडे खूण केली.

"तिथे काही नाही. सगळं बरोबर आहे. दे!"

टाचणी येईना. 

"मास्तर," वकीलसाहेब खाकरले, "तिथे जरा ओढतंय खरं. दर कोटाला ओढतं. तुमच्या तोंडात टाचण्या असतात म्हणून इथे सांगायची हिंमत होत नाही."

मास्तर खूप काही बोलले. त्यांनी बाहीची बाजू मांडली, बेताची मांडली, वडिलांची मांडली. मग टाचणी तरीही येईना म्हणून बाही मोकळी करून बोटभर मागे फिरवली. सुरकुती गेली. टाचणी हातात आली!

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मोठं कोर्ट गाजवलं आणि असा कोट जन्मात अंगावर आला नव्हता, असं कोर्टातल्या सगळ्या वकिलांना सांगितलं. गिऱ्हाइकं वाढली. शुद्धीवर आलेला मेहुणा मशीनवर मुकाट बसला. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "टाचण्या द्यायला माणूस ठेवलाय मी. उगाच तोंड अडकवून कोण बसतो!"

आणि मग एक दिवस, ऐन फिटिंगमध्ये, मास्तर कात्री टाकून ओरडले.

"आल्या! मुंग्या आल्या! हनुवटीला! डॉक्टर म्हणालेच होते, नस जागी व्हायला लागली की आधी मुंग्या येतात! ओठ झोपलाय अजून, पण उठेल! मी म्हटलंच होतं, उठेल! आण त्या टाचण्या इकडे!"

बायकोचे डोळे आनंदाने भरून आले. तोंडात टाचण्या असल्याने ती काही बोलली नाही. तिने डोळे पुसले, गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट एकदा निरखून पाहिला, आणि कॉलरकडे बघत नकाराची मान हलवली.

मास्तरांनी मुकाट्याने कॉलर उसवली.