शिवेवरचा कोयता

यशवंतअण्णा शीव ओलांडताना नारळ फोडतात. जिल्ह्याची असो वा राज्याची. इंदिरानगरातून आम्ही दोघं सायकलवर नेपाळला निघालो, तेव्हा त्यांच्या कॅरिअरला नारळांची गोणी आणि एक कोयता बांधलेला होता.

"अण्णा, हद्दी माणसांनी आखल्या. त्यात देव कुठून आला?" धुळ्याच्या शिवेवर मी भडकलो.

"देव नाय रे. पुढचा मुलूख अनोळखी. सांगून जावं."

अण्णा माझे शेजारी. मूळचे चांदवडचे, निवृत्त लाइनमन. कुणी तावातावानं बोलू लागलं की म्हणायचे, "आधी सप्लाय बंद कर." हे वाक्य मीच जास्त ऐकलं. त्यांच्या मुलीनं, सुजातानं, सहा वर्षांपूर्वी नेपाळी मुलाशी लग्न केलं आणि अण्णांनी दार लावून घेतलं. मी पेपरात लेख लिहिणारा; जात, देश, माणुसकी, सगळ्यावरून त्यांच्याशी भांडलो. ते सप्लाय बंद करायला सांगत राहिले. यंदा सुजाताचा फोन आला. "या," एवढंच म्हणाली. अण्णांनी सायकलला तेल घातलं. रेल्वे का नको, हे सांगितलं नाही. वाटेतून परत फिरतील या भीतीनं मी सोबत निघालो.

सव्विसाव्या दिवशी सीमा आली. पलीकडच्या कमानीखाली पिवळी ओढणी घेतलेली सुजाता उभी होती. शंभर पावलं असतील. जवान ओळखपत्रं बघत होता. तेवढ्यात अण्णांनी शेवटचा नारळ काढला आणि तो सोलायला हातभर कोयता उपसला.

शिट्टी वाजली. दोन बंदुका आमच्याकडे वळल्या.

"नीचे रख. नीचे."

"एक मिनिट, शेंडी राखने का है," अण्णा म्हणाले.

कोयता हिसकावला गेला. सायकली बाजूला घेतल्या. आम्हाला भिंतीशी उभं केलं. अधिकारी म्हणाला, "वापस जाओगे दोनों." मला राहवलं नाही. सीमा म्हणजे सत्तेनं मारलेल्या रेघा आहेत, हे मी त्याला हिंदीत समजावू लागलो. त्याचा चेहरा आणखी ताठला.

"सप्लाय बंद कर," अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "तुझ्या भाषणापायी पोरगी दिसायची राहील."

मी मागं सरकून भिंतीला टेकलो. तास गेला. कमानीखालची पिवळी ओढणी हलली नव्हती.

"चाकू लेके जा कहाँ रहे थे?" अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं.

"लडकी के घर. पहली बार." अण्णांनी नारळाकडे बोट दाखवलं. "हमारे यहाँ हद पे नारियल फोडते."

अधिकाऱ्यानं पलीकडे पाहिलं. कोयता टेबलाच्या खणात टाकला आणि नारळ परत दिला. "पटक दो. इस तरफ ही."

अण्णांनी तो दगडावर आपटला. फाटक उघडलं. आणि अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली आयुष्य काढलेला माणूस सायकलचं हँडल धरून जागीच उभा राहिला.

"चला की," मी म्हणालो.

"तू लिहितोस ना. काय बोलू पहिलं? सव्वीस दिवस जुळवतोय. जमत नाय. म्हणून तर सायकल काढली."

मी त्यांच्या सायकलला मागून हात लावला.

सुजाता दोन पावलं पुढं आली. "अण्णा, किती वाळलात."

अण्णांनी खाली टायरकडे पाहिलं.

"तीनदा पंक्चर झाली," ते म्हणाले. "म्हणून उशीर झाला."