अशरफीला लागलेली नजर

मीठ-मोहऱ्या ओवाळून बाळाची दृष्ट काढतात, नवरा-नवरीची काढतात, दुभत्या म्हशीचीही काढतात. आमच्या थोरल्या जाऊबाई, गोदाक्का, नाण्याची दृष्ट काढायच्या. नाणं पाटावर मांडायचं, त्यावरून मूठ ओवाळायची, चुलीत टाकायची आणि मोहऱ्या तडतडल्या की माझ्याकडं बघून म्हणायचं, "जगाचे डोळे लई वंगाळ, बाई!" स्वयंपाकघरात तेव्हा त्या आणि मी अशा दोघीच असायचो. जग म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको.

नाणं म्हणजे निजामाच्या काळातली सोन्याची अशरफी, एका अंगाला चारमिनार. सासूबाईंनी ती थोरलीला दिली. मला दिली जोडवी, तीही त्यांच्या वापरातली. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. रंगानं मी उजळ, भाकरी माझी गोल, घराला लेकरंही मीच दिली. आक्कांना मूलबाळ नव्हतं. तरी अशरफी त्यांची, कारण त्यांनी उंबरा माझ्याआधी ओलांडला. हा काय न्याय झाला?

त्या नाण्याचे लाड बघून तर अंगाची लाही व्हायची. आमच्या गावात, येरमाळ्यात, तेव्हा दुष्काळानं विहिरी तळाला गेलेल्या. टँकर आला की घागरींची मारामारी. आणि आक्का चिंचेच्या कोळानं अशरफी घासून वर तांब्याभर चांगलं पाणी ओतायच्या.

"अवो आक्का, म्हशीला प्यायला पानी न्हाय," मी म्हणायची.

"म्हस काळीच जन्माला आलीया. हिला काळी पडू देऊ व्हय?"

पण अशरफी काळी पडतच होती. आधी कडेला तांबूस झाक आली, मग तपकिरी डाग, मग डागांवर डाग. चोराला सुगावा लागू नये म्हणून आक्का ती हिंगाच्या डबीत ठेवायच्या. पत्र्याची घट्ट झाकणाची डबी, आत हिंगाचा खडा आणि त्याला टेकून अशरफी. हिंगाच्या वासानं चोर फिरकत नाही, हा त्यांचा स्वतःचा शोध. आमटीला हिंग हवा असला की त्या डबी घेऊन पाठ फिरवायच्या आणि चिमूटभर हिंग माझ्या तळहातावर ठेवायच्या. घरात चोर कधी आला नाही. आक्कांची पाठ मात्र मला पाठ झाली होती.

एका उन्हाळ्यात चारमिनारचा एक मिनार पुरता काळा झाला. आक्कांनी मला चुलीपाशी यायचीच बंदी केली. "तू हिकडं येऊ नगंस, धाकटे. तुझी नदर लागतीया."

माझा डोळा होता, हे खरंच. पण डोळ्यानं सोनं काळं होत असतं तर गल्लीतल्या निम्म्या बायकांचे दागिने मी कोळसा करून ठेवले असते! मी रडून घर डोक्यावर घेतलं. दूध सोसायटीत दूध घालून आलेल्या मामंजींनी रिकामा कॅन ओसरीवर आपटला. "दोघीबी तुळजापूरला जावा. आपल्या सोनाराला इचारा. नदर निघाली तर धाकटी म्हायेरी जाईल. न्हाय निघाली तर थोरलीनं तोंड मिटायचं."

एस्टीत आम्ही एकाच बाकावर, तोंडं दोन दिशांना. मधे माझी धाकटी पोर. माहेरी काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी वाटभर करत होते.

म्हाताऱ्या सोनारानं अशरफी कसोटीवर घासली, नाकाशी नेली आणि सणसणीत शिंकला. "हिला फोडणीत घातली व्हती का काय?"

आक्कांनी डबीचं सांगितलं. सोनार हसला. "अस्सल सोनं काळं पडत न्हाय, माय. पर नुसत्या सोन्याचं नाणं मऊ पडतं, म्हनून तांबं मिसळत्यात. काळं पडतंय ते तांबं. हिंगात गंधकाचा अंश आसतोय, त्यो तांब्याला धरतोय. त्यात तुमी चिंचंनं ओली करून डबीत कोंडली. नदर-बिदर काय न्हाय. कोरड्या सुती चिंधीत ठिवा."

मला तर तिथंच पेढे वाटावेसे वाटले. आक्का आता सोनाराशी भांडतील म्हणून मी पदर खोचून उभी होते. त्यांनी मात्र अशरफी पदराच्या गाठीला बांधली आणि चालू लागल्या.

परतीच्या एस्टीत पोर त्यांच्या मांडीवर झोपली. तिला थोपटत त्या म्हणाल्या, "म्हंजी कुनाचीच नदर न्हवती?"

"न्हवती."

"यवढी वर्सं?"

"न्हवती म्हन्लं की!"

त्यांनी पदराची गाठ चाचपली. "मला वाटायचं, धाकटीला देवानं समदं दिलंय. तरी तिचा जीव जळावा आसं कायतरी माझ्यापाशी बी हाय. त्यावर निभत व्हतं बग."

भांडण जिंकल्याचा माझा आनंद तिथंच ओसरला. मला एकदम त्यांच्याकडं बघवेना.

"सोनाराला काय कळतंय?" मी म्हणाले. "त्याचं गंधक त्याच्यापाशी. माझा जीव जळतुयाच की, आक्का. आजूनबी."

"खरंच?"

"गावच्या येडाईदेवीची आन."

आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या घडीलाही ती पदराची गाठ सोडून पळावं असं मला वाटत होतं.

आक्कांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मांडीवरच्या पोरीकडं खाली बघितलं आणि बघतच राहिल्या.

"माझी बी नदर चांगली न्हाय, धाकटे," त्या हळूच म्हणाल्या. पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.