स्वयंचलित धोंडीराम

कोणत्याही नोंदीचे आयुष्य ती किती खरी आहे यावर नव्हे, तर तिच्या किती प्रती आहेत यावर ठरते. (माणसाचेही तसेच आहे, पण त्याच्या प्रती काढायची सोय अजून झालेली नाही.) हे सत्य नाशिकच्या विभागीय बियाणे साठवण मंडळाला १९८६ साली उमगले, कारण त्या साली मंडळाला कॉम्प्युटर मिळाला.

कॉम्प्युटरला जागा हवी, म्हणून रोजंदारीवाल्यांची सगळी हजेरीपत्रके रद्दीत गेली. उगाच नाही गेली. मजकूर आधी कॉम्प्युटरात चढवला होता. (कायम नोकरांची सेवापुस्तके मात्र कागदावरच राहू दिली. कायम माणसाच्या बाबतीत धोका कशाला पत्करा?) खोलीबाहेर ‘चपला काढा’ अशी पाटी लागली, आणि कोणी न सांगता मशिनला हळदकुंकूही लागले. मग अधीक्षक रंगनाथ देवरे यांनी ‘स्वयंचलित प्रतधोरण’ तयार केले.

धोरण मोठे देखणे होते. वारांच्या नावाच्या सात फ्लॉप्या. रोज पाच वाजता त्या वाराची फ्लॉपी घालून हजेरीच्या सगळ्या नोंदींची प्रत काढायची. पुढच्या आठवड्यात त्याच फ्लॉपीवर नवी प्रत बसते आणि जुनी पुसली जाते. अडचण एकच होती. फ्लॉपी आपोआप आत जात नव्हती. त्यासाठी आपोआप येणारा माणूस हवा होता, आणि तो मंडळाकडे होता.

धोंडीराम अहिरे, सातवी पास, रोजंदारीवर. ऊन असो, ताप असो, रविवार असो, गडी हजर. (रविवारची हजेरी लागत नसे, कारण रविवारी सुट्टी असते.) सलग पाच वर्षे भरली की हजेरीचा उतारा जोडून कायम होता येई, आणि धोंडीरामची पाच वर्षे १९८७च्या दिवाळीला भरत होती. बायको कुसाबाई आणि पोरगी चांदवडजवळच्या गावी राहत. “कायम झाले म्हंजेच न्यायला या,” कुसाबाईने बजावले होते. “पोरीला नाशकातल्या शाळंत घालायचं, आन् मंगच मी चूल मांडीन.”

आता प्रत खरी आहे की नाही, हे कोणी पाहायचे? देवरेसाहेब एक तारखेलाच महिन्याभराच्या दाखल्यांवर सह्या करून ठेवत: ‘मूळ नोंदींशी ताडून पाहिली. खरी प्रत.’ रोज ताडत बसले तर कामे कधी व्हायची? फ्लॉपी उघडून पाहायला नियम सातनुसार मनाई होती, कारण ती गोपनीय. तिच्यावरून नोंदी परत चढवून बघायच्या, तर नियम नऊनुसार मूळ नोंदी नष्ट झाल्याचा पंचनामा आधी लागे. तसा प्रसंग कधी आला नाही, त्यामुळे धोरण शंभर टक्के यशस्वी होते.

श्रावणातल्या एका बुधवारी दुपारी वीज गेली. ती परत आली, हजेरीच्या नोंदी आल्या नाहीत. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण लक्ष ठेवणे हे कोणाचेच काम नव्हते. पाचला धोंडीरामने बुधवारची फ्लॉपी घातली. एरवी वीस मिनिटे घरघरणारे यंत्र एकदाच कुरकुरले आणि काम झाल्याचे सांगून गप्प बसले. धोंडीरामला चैन पडेना. तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, आज लय लवकर उरकलं.”

“अरे, मग चांगलंच आहे की! मशिनचा हात बसला आता.”

“पण जरा बघता का?”

“धोंडीराम, नियम सात काय सांगतो?”

“बघायचं नाय, साहेब.”

“मग झालं तर!”

पुढच्या मंगळवारपर्यंत सातही फ्लॉप्यांवर रिकामपणाच्या सात खऱ्या प्रती तयार झाल्या, सहीशिक्क्यासकट. सातही धोंडीरामने स्वतःच्या हाताने घातल्या होत्या. वेळेत पंचाण्णव टक्के बचत झाल्याचे साहेबांनी मुंबईला कळवले. मुंबईहून अभिनंदनाचे पत्र आले.

दिवाळीत धोंडीरामने उतारा मागितला, आणि मंडळाच्या तोंडचे पाणी पळाले. पंचनामा झाला. सातही फ्लॉप्या एकेक करून उघडल्या, आणि एकजात कोऱ्या निघाल्या. समिती बसली. चहाच्या अकरा फेऱ्यांनंतर तिने निष्कर्ष काढला: धोंडीराम अहिरे नामक इसम कामावर असल्याचा पुरावा नाही. ज्याअर्थी तो कामावर नव्हता, त्याअर्थी फ्लॉप्या त्याने घातलेल्या नाहीत. ज्याअर्थी त्या तरीही रोज घातल्या गेल्या, त्याअर्थी यंत्रणा खरोखरच स्वयंचलित आहे. सबब धोरण इतर जिल्ह्यांतही लागू करावे.

“साहेब, पाच वर्षं तुम्ही रोज मला बघितलंय,” धोंडीराम म्हणाला.

देवरेसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याला खरेच वाईट वाटले. “बघितलं रे. पण मी म्हणजे काय नोंद आहे का?”

धोंडीराम एस.टी.ने गावी गेला आणि ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. कुसाबाई आधी ऐकून घेत होती. मग एकदम उसळली.

“तुमी तिथं नव्हते, तर पाच वर्सं मी हितं एकटीनं काढली ती कशापायी? बोलवा त्या साहेबाला, मी सांगते!”

तिचे म्हणणे समितीने फेटाळले. सोबत खरी प्रत नव्हती.

धोंडीरामला नव्याने रोजंदारीवर घेतले. हजेरी: दिवस पहिला. पाच वाजता त्याने त्या वाराची फ्लॉपी घातली. पोरगी गावच्या शाळेतच राहिली.

वाचकहो, हसताय ना? हसा. तुमच्या ट्रंकेतही दाखल्यांच्या खऱ्या प्रती असतील. त्यांवर सही ठोकणाऱ्या साहेबाने मूळ दाखला पाहिला होता का, जरा आठवा. नव्हता पाहिला. तुम्हीही दाखवला नाहीत, कारण तुम्हाला घाई होती आणि साहेब ओळखीचा होता. मग तुम्ही म्हणजे तुम्हीच, याला आधार काय? रोज बघणारी चार माणसे सांगतील म्हणता?

सांगतील की. धोंडीरामचीही सांगत होती.