काहिलीतला नौकाविहार

"अवं, नाव हाकलणं म्हंजे काय, बैलांची दमणी हाकलण्यापेक्षा सोपं!"

उत्तमराव देशमुखानं छातीवर हात ठेवून बायकोला हे सांगितलं, तेव्हा त्यानं जन्मात वल्हं धरलेलं नव्हतं. कचेरीच्या कामासाठी नागपूरला गेला असताना तलावात एक साहेब आणि मडम नावेतून हिंडताना पाहिले होते, एवढंच. पण घरी येऊन त्यानं ते असं रंगवलं, की पुष्पाबाई म्हणाली, "मले बी एकडाव बसवा न!" पाच वर्षांत बायकोनं काही मागितलेलं हे पहिलंच. उत्तमरावानं मनावर घेतलं.

नाव कुठून आणायची? दिवाळी झाली होती, गुऱ्हाळ सुरू व्हायचं होतं, आणि रस कढवायची लोखंडी काहील, चांगली पाच हात रुंद, घासायला पैनगंगेवर न्यायची होती. "मी नेतो," उत्तमराव म्हणाला. हा आणि काम मागतो? वडील रामराव नुसते बघत राहिले. त्यांचा दरारा असा, की ते खाकरले तरी गोठ्यातले बैल रवंथ थांबवत!

धुण्याचं निमित्त करून पुष्पाबाईही डोहावर आली. काहील पाण्यात लोटून दोघं तिच्यात बसली. गूळ ढवळायचं लाकडी फावडं हेच वल्हं! उत्तमरावानं ऐटीत ते पाण्यात मारलं. काहील गर्रकन स्वतःभोवती फिरली. दुसऱ्या बाजूनं मारलं, तर उलटी फिरली. अशी गरगरतच ती डोहाच्या मधोमध गेली.

"अवो, हे फिरून काऊन राह्यलं?"

"साहेबाची बी अशीच फिरे!" उत्तमरावानं ठोकून दिलं.

इतक्यात गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या बशीर काहील न्यायला काठावर आला, आणि त्याच्यामागं साक्षात रामराव! देशमुखांच्या घरात सुनेनं सासऱ्यापुढं उघड्या तोंडानं यायची पद्धत नव्हती. पुष्पाबाईनं हनुवटीपर्यंत पदर ओढला. काहील फिरली, सासरे पाठीमागं गेले, पदर वर. काहील फिरली, सासरे समोर, पदर खाली! वर, खाली, वर, खाली!

"थांबवा न हे!"

घाबरून उत्तमरावानं आणखी जोरात फावडं मारलं. काहील दुप्पट वेगानं फिरायला लागली. आता पदर वेळेवर पोचेना! त्यात फावडंही हातातून निसटलं, आणि उत्तमराव ओणवा होऊन ते पाण्यात चाचपू लागला.

"छोटे मालक, कासरा धरा!" बशीरनं बैलांचा कासरा फेकला आणि दोघांना काठाला ओढून आणलं. रामराव पाठ फिरवून चालते झाले. त्यांचे खांदे थरथरत होते. एवढा संताप उत्तमरावानं कधी पाहिला नव्हता.

"आबा आता मले घरात घेत नाहीत," वाटेनं तो म्हणाला. "तुही हौस बी वायाच गेली."

"छे! मले लय मजा आली."

उत्तमरावाची छाती पुन्हा फुगली. "हाव? काय आवडलं? माह्यं हाकलणं?"

"नाही जी. मामाजीचं तोंड! लगन होऊन पाच वर्सं झाली, आज पह्यल्यांदा पाह्यलं. अवो, पोट धरधरून हासून राह्यले होते!"

उत्तमराव वाटेतच थबकला. आबांना एकदा तरी हसताना पाहावं, ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. आणि ते हसले, तेव्हा हा फावडं शोधत होता!