सगळेच व्यासपीठावर

"शेवटपर्यंत लोक बसले नाहीत, तर पुढच्या वर्षापासून व्याख्यानमाला बंद," विभागप्रमुख साहेबरावांनी सकाळीच बजावलं. "मागच्या वर्षी समतेवरचं भाषण संपलं तेव्हा सभागृहात कोण होतं? माईकवाला! तोही वायर गुंडाळायला थांबलेला."

विद्यापीठातली ही व्याख्यानमाला त्यांच्याच विभागात शिकवणाऱ्या करुणानं हट्टानं सुरू केली होती. यंदा विषय होता 'वंश, जात आणि विषमता'. वक्त्या डॉ. सुकेशनी, मूळच्या फर्दापूरच्या, आता अमेरिकेत शिकवणाऱ्या. पण इथली रीत ठरलेली. मान्यवर यायचे, शाल-नारळ घ्यायचे, "दुसरा कार्यक्रम आहे" म्हणून उठायचे आणि त्यांच्यामागं सभागृह रिकामं. एके काळी या शहरात लोक घरून सतरंजी आणून भाषणाला बसत. वक्ता थकला तरी उठत नसत. ते लोक कुठं गेले कोण जाणे.

संध्याकाळी माणसं मात्र झकास जमली. व्यासपीठावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेतले निवृत्त प्राचार्य त्रिंबकराव गुरगुरले, "आम्ही काय इथं हवा खायला आलो?" साहेबरावांनी घाईघाईनं त्यांना वर बोलावलं आणि मागून त्यांची खुर्चीही वर चढवली.

लगेच शहागंजातले कापडवाले आदिनाथशेठ उठले. "शाली आमच्या, अन् आम्हीच खाली? वा रे वा!"

"या शेठ, या."

"न्यायाच्या गप्पा, अन् वर बाई एकच व्हय?" महिला मंडळाच्या आवडाबाईंनी पदर खोचला. त्या एकट्या चढल्या असत्या तर निभावलं असतं. मागोमाग अख्खं मंडळ चढलं. मग माजी विद्यार्थी संघ. मग आजी विद्यार्थी म्हणाले, "सर, आमच्यावर अन्याय नको." साहेबराव घामाघूम होऊन "या, या" म्हणत राहिले. कुणाला नाही म्हणावं, तर आजचा विषयच आडवा येत होता.

खुर्च्या खालून वर जात राहिल्या. शेवटी सुकेशनींनीच आपली खुर्ची एका आजोबांना दिली आणि त्या खाली उतरल्या. सभागृहात दोनच खुर्च्या उरल्या होत्या. एकीवर करुणाची आई, लीलाबाई. दुसरीवर सुकेशनी बसल्या.

"ताई, तुमाला बी वर जागा नाय मिळाली?" लीलाबाईंनी हळूच विचारलं.

"नाय ना, मावशी."

"जाऊ द्या. इथं पंखा तरी हाय."

सत्कार उरकले. त्रिंबकरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. "मला दुसरा कार्यक्रम आहे. निघतो."

पण जिना एकच, आणि त्याच्या तोंडाशी आदिनाथशेठ खुर्चीसकट अडकलेले. "मी हललो तर मंडळ हलंल, मंडळ हललं तर कडेची पोरं खाली पडतील. बसा गुपचूप!"

त्रिंबकराव बसले. करुणानं माईक खाली आणून दिला, आणि गच्च भरलेल्या व्यासपीठाकडं तोंड करून सुकेशनी बोलू लागल्या. अमेरिकेत त्या भाड्याची खोली बघायला गेल्या होत्या. फोनवर 'या' म्हणणाऱ्या घरमालकिणीनं दारात चेहरा पाहून खोली आत्ताच दिल्याचं सांगितलं.

"मला हसूच आलं," सुकेशनी म्हणाल्या. "माझ्या वडलांनी याच शहरात तेच वाक्य ऐकलं होतं. फरक एवढाच, तिचं इंग्रजीत होतं."

शेठच्या शहागंजात चार खोल्या भाड्यानं होत्या. ते क्षणभर पायांकडं बघत राहिले, आणि मग सगळ्यांत आधी त्यांनीच टाळी वाजवली. त्यानंतर कुणाला उठता येत नव्हतं हे खरं, पण उठावंसंही वाटेना. आवडाबाई वाद घालत होत्या, त्रिंबकराव प्रश्नावर प्रश्न विचारत होते.

"करुणा मॅडम, एक माणूस उठला नाही!" शेवटी साहेबराव आनंदानं ओरडले. "पुढच्या वर्षी व्याख्यानमाला होणार म्हणजे होणार!"

जिना मोकळा झाला तसे त्रिंबकराव उतरले. "एक सांगून ठेवतो. पुढच्या वर्षी मला खाली बसवा. प्रमुख पाहुण्या खाली आणि आम्ही वर, हे शोभत नाही."

"मंग आम्ही काय वरच लटकू?" शेठ भडकले. "पाहुणीच्या शेजारची खुर्ची आमची!"

साहेबरावांना पुन्हा घाम फुटला.

लीलाबाईंनी शांतपणे सुकेशनींच्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. "जागा धरलीय. पुढच्या साली आमच्या गल्लीतली शेजारीण येणार हाय. तुमी आपलं वरच बसा."