पिप् करणारी काच

काच हरवल्याचं उघड झालं, त्या सकाळी मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझ्या हातून आजवर टाचणीसुद्धा हरवलेली नाही!" बायको असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. ती गेल्या हिवाळ्यात गेली.

आमची प्रयोगशाळा काचेवर लेप चढवते. त्यातून वीज जाते, पण तो डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पडद्याला बोट लागलेलं कळतं ते अशाच लेपामुळे. तो महागड्या धातूचा असतो; आम्ही स्वस्तातला शोधतोय. ढीगभर काचा वाया गेल्यावर तळहाताएवढी एक जमली. काच हरवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती बघायला पैसे देणारी मंडळी येणार होती. नाही दाखवली तर काम बंद!

"कपाटात ठेवली होती ना?" साहेबांनी विचारलं.

"कपाट कोणीही उघडतं, साहेब. मी शनिवारी डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली, आज घरून आणली!"

पिशवीत हात घातला. डबा होता, चमचा होता. काच नव्हती!

"घरीच राहिली असेल."

"घरी कोण काढणार? मी एकटाच तर असतो! इथेच कुठे काढून ठेवली असणार."

आता लेप दिसत नाही, तर ओळखायचा कसा? मीटरच्या दोन तारा काचेला टेकवायच्या. लेप असला की मीटर पिप् करतं. मग काय, सगळी प्रयोगशाळा तारा घेऊन सुटली! खिडक्या झाल्या, घड्याळ झालं, मत्स्यपेटी झाली. मी तर साहेबांच्या नाकावरच्या चष्म्यालाच तारा टेकवल्या.

"अहो, हा माझा आहे!"

"खात्री केलेली बरी."

संध्याकाळी मीटर खिशात घेऊनच घरी गेलो. टेबलावर बायकोचा फोटो असतो. दिवसभरात काय झालं ते मी तिला सांगतो. "काच गेली गं," म्हटलं आणि हाताला लागलेली खोड, तारा फोटोला टेकवल्या.

पिप्!

मी खुर्चीवर आदळलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच उत्तर आलं होतं!

मेहुणीला फोन लावला. रविवारी तीच घर आवरायला आली होती.

"भाऊजी, रागावू नका. पुसताना ताईच्या फ्रेमची काच फुटली माझ्याकडून. तुमच्या पिशवीत एक होती, नेमकी बसली. तुमच्याकडे काचांना काय तोटा?"

म्हणजे मी गावभर शोधत होतो आणि बायको त्याच काचेमागून माझ्याकडे बघून हसत होती! खोटं कशाला सांगू, काच काढण्याआधी मी आणखी बऱ्याचदा पिप् करून घेतलं. घरात दुसरा आवाज नव्हता.

काच मंडळींना आवडली. साहेबांनी पाठ थोपटली आणि ती कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

फोटो उघडाच आहे, रोज धूळ बसते. काचवाल्याचं दुकान वाटेवरच आहे, पण त्याच्याकडची काच पिप् करणार नाही. फ्रेमला नवी काच बसवायची अजून राहिलीय.